पाच नंबरच्या खोलीतली पाटी

मुलांनो, जरा डोळे मिटा. खिडकीपाशी बसलेल्यांनीसुद्धा. आता एक गाव डोळ्यांसमोर आणा, जिथे मोटार नाही, स्कूटर नाही, साधी सायकलही नाही. घोड्यांच्या टापा ऐकू येतात, नाहीतर माकडांची भांडणं. माती इतकी लाल की संध्याकाळी पाय धुतले की मोरीत कुंकवाचं पाणी वाहतंय असं वाटावं. हे माथेरान. झाडीत एक लांबलचक बंगला आहे, त्याला तिन्ही बाजूंनी ओटी, ओटीवर वेताच्या खुर्च्या. हे हॉटेल नवरोज व्हिला. आणि पाच नंबरच्या खोलीच्या दारात उभी असलेली दोन वेण्यांची, दहा वर्षांची, नाक जरा वर करून बोलणारी मुलगी दिसली का? ती मी. मालू.

"चपला बाहेर काढा," मी म्हणत असे. "कशालाही हात लावायचा नाही."

मोठमोठी माणसं निमूट चपला काढत. माझे वडील, अण्णा, त्या हॉटेलचे मॅनेजर होते. पण दुपारच्या चहानंतर चार वाजता पाहुण्यांना पाच नंबर दाखवायचं काम माझं होतं. मालकीणबाईंनी, शिरीनबाईंनी, ते मला स्वतः दिलं होतं. त्या खोलीत कुणी उतरत नसे. आत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीपाशी टेबल, आणि टेबलावर तांब्याला टेकवून ठेवलेली लाकडी चौकटीची पाटी.

"सन एकोणीसशे तीस," मी सुरू करी. "गानभास्कर अनंतबुवा केळशीकर यांच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टर म्हणाले, माथेरानला जा आणि चाळीस दिवस एक अक्षर बोलू नका. बुवा इथे आले. याच खुर्चीवर बसत. चहा हवा, पाणी हवं, सगळं या पाटीवर लिहून सांगत. एकोणचाळीस दिवस गेले. चाळिसाव्या दिवशी सकाळी बुवांनी पाटीवर दोन शब्द लिहिले." इथे मी थांबत असे. कितीपर्यंत मोजून थांबायचं, तेही ठरलेलं होतं. पाच. मग बाजूला सरून पाटी दाखवायची.

*आज गाईन.*

"ते त्या संध्याकाळी आपल्या ओटीवर गायले. माकडंसुद्धा गप्प बसली. हे अक्षर बुवांचं स्वतःचं. तेव्हापासून कुणी पुसलेलं नाही."

एखाद्या बाई डोळे टिपत. एखादे गृहस्थ माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "काय छान सांगतेस गं!" मला ते पुरे. शिरीनबाई संध्याकाळी चिक्कीची वडी मोडत आणि मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवत. "आपला मालू हाय नी, एकदम फर्स्ट क्लास," म्हणत.

आता एक गुपित सांगते. ते तेव्हा फक्त दोघांना ठाऊक होतं, मला आणि कोंडिबामामांना.

कोंडिबामामा हॉटेलचे सगळ्यात जुने नोकर. बुवांना चहा नेऊन देणारे तेच. तुम्हीच विचार करा, पाटीवरचं अक्षर बत्तीस वर्षं टिकेल का? माथेरानच्या पावसात चार महिने हॉटेल बंद असे. भिंतींना ओल येई, गाद्यांना बुरशी, आणि पाटीवरचे शब्द निम्मे विरघळून जात. मग दिवाळीआधी खोल्या उघडल्या की कोंडिबामामा पेन्सिल घेऊन त्या पुसट रेघांवरून नव्या रेघा ओढत. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. दारात रांगोळी काढावी तसे ते ती अक्षरं काढत. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली.

"जसं हाय तसंच काड, पोरी. तुजं शानपन त्यात नको."

मी तसंच काढलं. अगदी तसंच नाही. 'ई' जरा बेंगरूळ दिसत होता, म्हणून त्याच्या शेपटीला मी एक वळण दिलं. आमच्या शाळेत माझ्या अक्षराला नेहमी पहिला नंबर असे. बुवांसारख्या मोठ्या माणसाचा 'ई' असा कसा, असं मला वाटलं. दोन वर्षं ते वळण पाहुणे डोळे भरून बघत होते.

सगळं असं छान चाललं होतं, आणि बासष्ट सालच्या मे महिन्यात ती आली.

हातरिक्षातून एक किडकिडीत गृहस्थ उतरले. हातात एकच पत्र्याची ट्रंक. त्यांच्यामागे माझ्याच वयाची मुलगी, कापलेले केस, मोठाले डोळे. शिरीनबाई चक्क पायऱ्या उतरून पुढे गेल्या. अशा त्या कुणासाठीच उतरत नसत.

"मालू, बघ कोण आला! बुवानो दीकरो, वामनराव! आणि ही नात, चारू. पाच नंबर खोल, जा."

"पाच नंबर?" मी म्हटलं. "दाखवायला?"

"दाखवायला काय? ऱ्हायला! त्येंच्या बापाची खोली हाय नी."

ज्या पलंगाच्या कडेला टेकायची मला परवानगी नव्हती, त्यावर ती मुलगी चढून बसली आणि पाय हलवू लागली.

वामनराव टेबलापाशी गेले. पाटीपुढे वाकले. मग त्यांनी पाटीच्या चौकटीच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. तिथे लाकडाला बारीक खाचा होत्या.

"हात लावायचा नसतो!" मी ओरडले.

त्यांनी झटकन हात मागे घेतला. "चुकलं हं, बाई," म्हणाले, आणि हसले. मला वाटलं माझी थट्टा करतायत.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी वेण्या घट्ट घालून पाच नंबरच्या दारात उभी राहिले. शिरीनबाई आल्या आणि माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला बाजूला केलं.

"तू बस आज. खुद्द नात हाय तर तिच्याच तोंडून ऐकू दे लोकांना."

"पण तिला काही येत नाही."

"येल, येल."

तिला खरंच काही येत नव्हतं. ती दारात उभी राहिली, दोन्ही हातांनी फ्रॉक चुरगाळला आणि म्हणाली, "ही माझ्या आजोबांची खोली. मी त्यांना पाहिलेलं नाही."

झालं! एवढंच. माझी बावीस वाक्यं होती. मी तीन ठिकाणी थांबत असे आणि दोन ठिकाणी आवाज उतरवत असे. आणि हिच्या दोन वाक्यांना सगळ्या बाया रडल्या. एकीने तिला जवळ घेतलं. एका गृहस्थांनी तिचा फोटो काढला. संध्याकाळी चिक्की मोडली गेली तेव्हा मोठा तुकडा कुणाला मिळाला, ते सांगायला नकोच. शिरीनबाईंना बहुधा कळलंही नसेल. मला कळलं.

ती माझ्या मागे मागे यायची, ही आणखी एक कटकट.

"मालू, तुला सगळी गोष्ट येते ना? मला शिकव ना."

"मला पाठ करायला दोन वर्षं लागली."

"मी लवकर करीन."

"येतंच ना तुला रडवायला," मी म्हटलं आणि माकडांना हाकलायचं निमित्त करून निघून गेले.

चौथ्या दिवशी ती जांभळाच्या झाडाखाली बसून काहीतरी लिहीत होती. जीभ दातांत धरून. मी मागून जाऊन डोकावले. वहीच्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच ओळ. *आज गाईन. आज गाईन. आज गाईन.*

"काय करतेस?"

"आजोबांसारखं अक्षर काढतेय." तिने वही माझ्यापुढे धरली. "गेल्या वर्षीच्या पुराच्या आदल्या दिवसापर्यंत आमच्याकडे त्यांचे दोन तंबोरे होते. पगडी होती, शाल होती, पेटीभर फोटो होते. धरण फुटलं त्या दिवशी आम्ही गच्चीवर होतो. आमची पेटी तरंगत जाताना मला दिसली. आता त्यांचं काहीच नाही. एवढं अक्षरच आहे." मग तिने बोट ठेवलं. "ही 'ई'ची शेपटी बघ ना. कशी वळवलीय! अशी कुण्णाचीच नसते."

माझं वळण!

मुलांनो, तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला तिची कीव आली नाही. मला आनंद झाला. तिच्याकडे आजोबा होते, खोली होती, पलंग होता, चिक्कीचा मोठा तुकडा होता. पण तिला जे सगळ्यात आवडलं होतं ते माझं होतं. आणि ते तिला माहीत नव्हतं. मी ते गुपित तोंडात धरलं, गोळी चघळत राहावी तसं.

"हो ना? कुणाचीच नसते," मी म्हटलं.

स्वयंपाकघरामागे कोंडिबामामा तांदूळ निवडत बसले होते. डोळ्यांना दिसत नसे, बोटांनी खडे शोधत. मी त्यांना सगळं सांगितलं, हसत हसत.

ते हसले नाहीत. "कुनाजवळ बोलू नगंस."

"का? खरंच तर आहे."

"पुरात समदं गेलंय त्या लेकराचं. एवढं ऱ्हाऊ दे की तिला." त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "तुजं काय जातंय?"

मी उठून चालू लागले. पण जात होतं.

आठवडा संपत आला. रविवारी ते दोघे परत जाणार होते. शनिवारी सकाळी न्याहारीच्या वेळी शिरीनबाईंनी चमच्याने कप वाजवला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं, "आज चार वाजता आपण बुवांची पाटी चारूला देनार. ती तिच्याच घरी जायाला पायजे. बरोबर का नाय?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनीही. वामनराव एकदम खुर्चीतून उठले. "नको, शिरीनबाई, खरंच नको. ती इथेच शोभते," म्हणाले. पण शिरीनबाई कुणाचं ऐकत नसत. चारूने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

पाटी जाणार. मग पाच नंबर काय राहणार? पलंग आणि खुर्ची. चार वाजता कोण येणार, कुणाला मी काय सांगणार? आणि माझी अक्षरं त्यांच्या घरी भिंतीवर लागणार, लोक त्यांना नमस्कार करणार, आणि त्याचं कौतुक सगळं तिला!

दुपारी जेवणं झाली, ओटीवर सगळे पेंगायला लागले. वामनराव वेताच्या खुर्चीत तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडले होते. चारू मोरीत केस धूत होती. पाण्याचा आवाज येत होता. मी पाच नंबरमध्ये शिरले. चपला काढायचं त्या दिवशी सुचलं नाही.

पाटी उचलली. फ्रॉकचं टोक तोंडात घालून ओलं केलं आणि पुसलं. शाळेत पुसतो तसं, खसाखसा, दोनदा. पाटी काळीभोर झाली. वाळल्यावर तिच्यावर एक पांढुरकी रेघसुद्धा उरली नाही. मला वाटलं होतं की छान वाटेल.

"मालू?"

चारू दारात उभी होती. केसांतून पाणी गळत होतं. तिने पाटीकडे पाहिलं, मग माझ्या फ्रॉककडे.

मी काही बोलायच्या आत माझं तोंडच बोललं. "ते तुझ्या आजोबांचं अक्षर नव्हतंच. माझं होतं. मी लिहिलेलं. ती शेपटीसुद्धा माझी!"

ती रडेल, ओरडेल, वडिलांना हाक मारेल असं मला वाटलं. ती आली आणि पलंगाला टेकून खाली फरशीवर बसली. उशीखालून तिने वही काढली, पान उघडलं आणि नुसती बघत राहिली.

"सगळं?" तिने विचारलं.

"सगळं नाही. आधी कोंडिबामामा काढायचे. पुसट व्हायचं ना. मग ते त्याच्यावरूनच..."

"म्हणजे पहिल्यांदा आजोबांनीच लिहिलं?"

"हो," मी म्हटलं. आणि मग मला पहिल्यांदाच कळलं की मी नेमकं काय पुसलंय. खालचं जे काही होतं नव्हतं तेही.

"काय चाललंय?" वामनराव दारात होते. त्यांनी पाटी पाहिली, मला पाहिलं. माझ्या फ्रॉकवर पेन्सिलीचा पांढरा डाग होता.

मी डोळे मिटून घेतले.

"बाबा," चारू म्हणाली, "पाटी पुसली गेली."

*पुसली गेली.* तिने माझं नाव घेतलं नाही.

आणि वामनराव हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलेपर्यंत. त्यांनी दार लोटलं, आमच्याजवळ फरशीवर मांडी घातली आणि माझ्या हातातली पाटी घेतली. चौकटीचा कोपरा आम्हाला दाखवला. "या खाचा कशाच्या आहेत, सांगा बघू?"

"उंदराच्या," मी पुटपुटले.

"माझ्या दातांच्या. ही माझी पाटी. मी सात वर्षांचा होतो. गणित आलं नाही की चौकट चावायचो."

चारूने खाचांवरून बोट फिरवलं.

"तुझ्या आजोबांना लिहिता येत नव्हतं, चारू." त्यांनी ते अगदी हळू, आमच्यापुरतं सांगितलं. "लहानपणी समुद्रकाठच्या गावात गुरं राखायचे. शाळा बघितलीच नाही. त्यांना कान होते आणि गळा होता. सही करायची वेळ आली की तंबोऱ्याचं चित्र काढायचे. मोठं नाव झालं तसं आम्ही ते लपवायला लागलो. घरात कुणी बोलत नसे. मग मीही बोललो नाही."

"मग चाळीस दिवस चहा कसा मागायचे?" मला राहवेना. माझ्या बावीस वाक्यांतली निम्मी कोसळत होती.

"टाळ्या वाजवून. एक टाळी चहा, दोन टाळ्या पाणी. शेवटच्या आठवड्यात आई आणि मी त्यांना न्यायला आलो. चाळिसाव्या दिवशी सकाळी त्यांनी माझी पाटी ओढली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. गळ्याला हात लावला. मग खाली जमिनीकडे बोट केलं, आत्ता, आज. आणि मग हात असा वर नेला, तान घेताना न्यायचे तसा. मी लिहिलं. ते पाटी घेऊन ओटीवर गेले आणि सगळ्यांना दाखवली, स्वतः लिहिल्यासारखी. उलटी धरली होती. आईने हळूच सरळ केली."

चारूला हसू फुटलं. नाकातून पाणी आलं तिच्या.

"आणि गायले?" मी विचारलं.

"गायले. ते खरं आहे. माकडांचं मात्र मला आठवत नाही."

"मग तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो. पण हिने पाटी बघितली आणि लगेच वही काढली." ते चारूच्या ओल्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "आणि खरं सांगू का, 'ई'ची शेपटी इतकी सुंदर झालेली बघून मलाही बरं वाटलं. माझी तर पार आडवी पडली होती."

माझे कान गरम झाले.

बाहेर कपबशा वाजायला लागल्या. शिरीनबाईंचा आवाज आला, "मालू! चारू! कुठे गेल्या पोरी? ती पाटी घेऊन या!"

वामनराव उठले. पाटी त्यांनी आमच्या दोघींच्या मधे फरशीवर ठेवली. "मी पाच मिनिटं त्यांना बोलण्यात गुंतवतो," म्हणाले, आणि जाताना दार ओढून घेतलं.

टेबलाच्या खणात पेन्सिल होती. मी ती काढली आणि चारूपुढे धरली. "तू लिही. तुझे आजोबा आहेत."

तिने पेन्सिल घेतली. पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांत धरून कट्‌कन मोडली. तुकडे सारखे झाले नाहीत. एक बोटभर होता, एक नखाएवढा. ती दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन क्षणभर बघत राहिली, आणि मोठा तुकडा तिने माझ्या हातावर ठेवला.

"तुझा शब्द मोठा आहे," ती म्हणाली.

नखाएवढा तुकडा चिमटीत धरून, जीभ दातांत घेऊन तिने *आज* लिहिलं आणि पाटी माझ्याकडे सरकवली.

मी *गा* काढला. मग *ई* आला. माझा हात आपोआप शेपटीकडे वळला, वळणापाशी पोचला. मी थांबले. पाचपर्यंत मोजलं. आणि सात वर्षांच्या मुलाने काढावी तशी ती शेपटी मी पार आडवी पाडली.